जीपीआयबीच्या बसवर आधी कंट्रोलर ठरव

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. जुना स्पेक्ट्रम ॲनालायझर, म्हणजे सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी दाखवणारं यंत्र, त्याला यूएसबीचा जीपीआयबी ॲडॉप्टर, पुढे लॅपटॉप. जीपीआयबी म्हणजे मापनाची उपकरणं एकमेकांना आणि संगणकाला जोडणारी सामायिक तारांची बस. ॲनालायझरवर प्लॉटचं, म्हणजे पडद्यावरचा आलेख काढून पाठवायचं, बटण दाबलंस आणि लॅपटॉपवर एक अक्षरही आलं नाही. मग केबल बदललीस, ड्रायव्हर काढून परत टाकलास, दोन रात्री गेल्या. केबलला दोष देऊ नकोस, ती चांगली आहे. तुझ्या बसवर दोघंजण कंट्रोलर, म्हणजे हुकूम देणारे, होऊन बसलेत.

ही बस ह्युलेट-पॅकार्डनं आपल्या उपकरणांसाठी बनवली, १९७५ साली ती आयईईई ४८८ म्हणून प्रमाण झाली. एका बसवर जास्तीत जास्त १५ उपकरणं, सगळी मिळून २० मीटर केबल. हे आकडे तुला पाठ असतील. पण या बसचा खरा कायदा भूमिकांचा आहे. बोलणारा, म्हणजे टॉकर, एका वेळी एकच. ऐकणारे, म्हणजे लिसनर, कितीही. कोणी बोलायचं आणि कोणी ऐकायचं हे सांगणारा कंट्रोलरही एका वेळी एकच. त्यातही आयएफसी (बस मोकळी करणारी) आणि आरईएन (उपकरणांना रिमोटमध्ये जाऊ देणारी) या दोन लाइन फक्त सिस्टिम कंट्रोलरच्या हातात असतात, आणि तो अख्ख्या बसवर एकच असावा लागतो.

कंट्रोलर एटीएन, म्हणजे ‘लक्ष द्या’ सांगणारी, लाइन खाली ओढतो तेव्हा डेटा लाइनवरचा बाइट हा डेटा नसून हुकूम असतो. प्रत्येक उपकरणाला बसवर एक क्रमांक असतो, तो त्याचा पत्ता. त्या पत्त्यात ३२ मिळवले की ‘तू ऐक’, ६४ मिळवले की ‘तू बोल’. म्हणजे पत्ता ५ असेल तर ऐकण्याचा हुकूम ३७, आस्कीमध्ये, म्हणजे अक्षरांच्या आकडी संकेतात, टक्क्याचं चिन्ह. बोलण्याचा ६९, म्हणजे कॅपिटल ई. एकदा लॉजिक ॲनालायझर, म्हणजे डिजिटल लाइनच्या पातळ्या दाखवणारं यंत्र, लावून हे स्वतःच्या डोळ्यांनी बघ. बसवर उलटं लॉजिक आहे, खालची पातळी म्हणजे १, एवढं ध्यानात ठेवून वाच.

आता तुझा प्लॉट. बटण दाबल्यावर ॲनालायझर स्वतः कंट्रोलर होतो. पूर्वी त्याच्या शेजारी पेनाचा प्लॉटर असायचा, बहुतेक वेळा पत्ता ५ वर. ॲनालायझर त्या प्लॉटरला ऐकायला सांगतो आणि मग एचपी-जीएलच्या, म्हणजे प्लॉटरला पेन कसं हलवायचं ते सांगणाऱ्या भाषेच्या, ओळी पाठवतो. तुझा ॲडॉप्टर कंट्रोलर मोडमध्ये असल्यानं ५ वर ऐकणारं कोणी नाही. पाठवलेलं घेणार कोण?

तुझा ॲडॉप्टर प्रोलॉजिक्सच्या, म्हणजे असे ॲडॉप्टर बनवणाऱ्या कंपनीच्या, कमांड समजतो. दोन अधिक चिन्हांनंतर ‘मोड ०’ दे, मग ‘ॲड्रेस ५’. आता तो डिव्हाइस झाला, प्लॉटरच्या जागी बसला. इथेच बहुतेकांची गफलत होते, म्हणून सावकाश वाच: कंट्रोलर मोडमध्ये ॲड्रेस म्हणजे ज्या उपकरणाशी बोलायचं त्याचा पत्ता, डिव्हाइस मोडमध्ये तीच कमांड म्हणजे ॲडॉप्टरचा स्वतःचा पत्ता. कमांड एक, अर्थ दोन. डिव्हाइस मोडमध्ये ‘रीड’ची कमांडही चालत नाही. वाट बघायची आणि आलेलं फाइलमध्ये लिहायचं, एवढंच काम.

ॲनालायझरला लॅपटॉपवरून चालवायचं असेल तेव्हा परत ‘मोड १’, आणि ॲड्रेसमध्ये ॲनालायझरचा पत्ता, समजा १८. ‘ऑटो’ मात्र बंद ठेव. ते चालू असलं की प्रत्येक कमांडनंतर ॲडॉप्टर उपकरणाला बोलायला लावतो. प्रश्न विचारलेलाच नाही तर ते काय बोलणार? नवी उपकरणं अशा वेळी उणे ४२० ची एरर देतात आणि आपण कमांडचं स्पेलिंग तपासत बसतो. प्रश्न विचारलास की मग स्वतः ‘रीड’ दे.

माझा एक दिवस असाच गेला होता. नेटवर्क ॲनालायझर होता, एचपी ८७५३. आदल्या संध्याकाळी कोणीतरी त्याच्यावरून प्लॉट काढला होता. सकाळी माझा प्रोग्रॅम पहिल्याच कमांडला अडकला. एकावर एक चढवलेले चार कनेक्टर मी सुटे केले, काळे स्क्रू ट्रेमध्ये मांडले, २४ च्या २४ पिना पुसल्या. दुपारी पुढच्या पॅनेलकडे लक्ष गेलं. तिथे आर, एल, टी, एस (रिमोट, लिसन, टॉक, सर्व्हिस रिक्वेस्ट) असे चार छोटे दिवे असतात. प्रोग्रॅम परत चालवला, आरचा दिवा पेटलाच नाही. म्हणजे यंत्र रिमोटमध्ये जातच नव्हतं. मेनू उघडला तर ‘सिस्टिम कंट्रोलर’ निवडलेलं. ‘टॉकर-लिसनर’ची सॉफ्टकी दाबली आणि पुढच्या क्षणाला मापं यायला लागली. त्या मेनूत ‘पास कंट्रोल’ नावाची तिसरी सोय आहे, त्यात संगणक थोडा वेळ सूत्रं उपकरणाकडे देतो आणि परत घेतो. तुला आज तिची गरज नाही, तिच्या वाटेला जाऊ नकोस.

तेव्हापासून मी केबल लावण्याआधी कागदावर तीन रकाने काढतो: उपकरण, पत्ता, मोड. कंट्रोलर हा शब्द त्या कागदावर दोनदा आला तर पॉवर देत नाही. तूही तसा कागद कर आणि बेंचवर चिकटव.

आज रात्री मोड ० लावून प्लॉट काढ. फाइल उघडल्यावर सुरुवातीला आयएन, एसपी, पीयू अशी एचपी-जीएलची दोन-दोन अक्षरं दिसली तर जमलं. ती फाइल मला पाठव, त्यातली आलेखाची रेघ, म्हणजे ट्रेस, एकत्र बसून बघू.

तुझा,
काका