दोर ओढणाऱ्यांची गाणी

प्रश्न : माझा मुलगा सारखं ‘वेलरमन’ हे इंग्रजी गाणं लावतो. खलाशी काम करताना असंच गात, म्हणतो. एवढ्या कष्टात गायला दम कसा पुरायचा?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : ताई, गाण्यामुळेच दम पुरायचा. भिजलेलं शीड चढवायला दहा-बारा जण एका दोराला लागत. ज्याने त्याने मनाला येईल तेव्हा ओढलं तर शीड हलतसुद्धा नाही. म्हणून शँटीमन, म्हणजे शँटी (खलाशांचं कामाचं गाणं) सांगणारा, एकटा ओळ म्हणायचा. तेवढ्यात बाकीचे हात पुढे सरकवून दोर पक्का धरायचे, श्वास घ्यायचे. मग सगळ्यांचं धृपद, आणि त्यातल्या ठरलेल्या शब्दांवर हिसका. शीड वर पोचेपर्यंत ओळी पुरवायच्या. संपल्या तर जागच्या जागी रचायच्या.

नांगर उचलताना मात्र कॅप्स्टनला, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या उभ्या रहाटाला, दांडे लावून गोल चालायचं. तिथे हिसका नाही, म्हणून गाणं संथ, लांबलचक. हे मला समुद्रावर जायच्या आधीच ठाऊक होतं. निफाडकडे आजोळी मोट होती. बैल धावेवरून उतरू लागले, नाडा ताणला, की आजोबा सूर लांबवायचे. मोट थारोळ्यात रिकामी झाली की गप्प. तेच आजोबा कापणीला भलरी म्हणायचे ती विळ्याच्या ठेक्यावर.

‘वेलरमन’ न्यूझीलंडच्या देवमासे पकडणाऱ्यांचं. ओटागोला 1831 मध्ये ठाणं उघडणाऱ्या वेलर बंधूंचं जहाज साखर, चहा, रम घेऊन येईल, याची त्यात वाट पाहिली आहे. गाणं गोडच आहे, पण ते गोष्ट सांगणारं. दोर ओढायचं नव्हे.

कामाची ही गाणी बहरली एकोणिसाव्या शतकातल्या व्यापारी जहाजांवर, कारण तिथे माणसं कमी. ब्रिटिश नौदलात कामावर गायला बंदीच होती. वाफेची जहाजं आली आणि गाणी गेली. स्टॅन ह्यूगिल ‘गार्थपूल’ या शिडाच्या जहाजावर शँटीमन होता. 1929 मध्ये ते केप व्हर्डीजवळ फुटलं. पुढे त्याने शेकडो शँटी लिहून काढल्या, 1961 मध्ये छापल्या. हे काम त्याने केलं नसतं तर किती चाली बुडाल्या असत्या!

मी सत्तावीस वर्षं जहाजांवर काढली, तिथे सगळं विंचवर, म्हणजे दोर ओढणाऱ्या यंत्रावर. तरी आमचा रत्नागिरीचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, माल उचलताना ‘हाबेस’ म्हणायचा आणि सोडताना ‘आर्या’. हा दुसरा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. ‘आर्याऽऽ’चा शेवट तो माल फळीला टेकेपर्यंत ओढायचा, आणि सूर तुटला की विंचवाल्याचा हात थांबायचा.