फोन ज्वारीच्या डब्यात

"मॅडम, सगळं पुसून टाकलं, नंबर बदलला, की मिटलं न्हवं?"

ऑनलाइन छळाचं दुखणं घेऊन येणाऱ्या घरांतून हा प्रश्न हटकून येतो, बहुतेकदा आईच्या तोंडून. या वेळी विचारणाऱ्या ताई कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या. (मुलीला अश्विनी म्हणू. तिच्या परवानगीनंच लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.) अश्विनी शेजारी बसून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिचा फोन मात्र घरी, ज्वारीच्या डब्यात तळाशी. वाजला की पोरीच्या पोटात गोळा येतो म्हणून आईनंच तो बंद करून तीन दिवस पुरून ठेवलेला.

कॉलेजातल्या एका मित्राशी अश्विनीनं बोलणं तोडलं होतं. महिन्याभरात इन्स्टाग्रामवर तिच्या नावाचं दुसरंच खातं निघालं. चुलतभावाच्या लग्नातल्या फोटोतला तिचा चेहरा उचलून उघड्या देहावर बसवलेला आणि खाली तिचा खरा नंबर. रात्री अकरानंतर अनोळखी फोन सुरू झाले. त्यातलाच एक फोटो इचलकरंजीच्या मावसबहिणीला गेला, तेव्हा घरात कळलं.

अश्विनीनं काय केलं? त्या मुलाचे जुने धमकीचे मेसेज, "बघ तुझं काय करतो ते" धर्तीचे, सगळे पुसले. लाज वाटली की हात आधी तिकडंच जातो. मी तिला रागावले नाही, कारण काही वर्षांपूर्वी अशाच एका मुलीला मीच सांगितलं होतं, "आधी ब्लॉक कर, डिलीट कर, मन शांत होऊ दे." मन शांत झालं, आणि तक्रारीच्या वेळी हातात दाखवायला काही उरलं नाही. तेव्हापासून माझ्या टेबलावर पहिलं वाक्य ठरलेलं आहे : काही पुसू नका.

नशीब, मावसबहिणीनं तिच्याकडं आलेलं काही पुसलं नव्हतं. आम्ही डब्यातून फोन काढायला लावला. मग एक साधी वही केली. तारीख, वेळ, कुठून फोन आला, काय बोलला, आणि पुसलेल्या मेसेजमधलं जे आठवतंय तेही. स्क्रीनशॉट घेताना नुसता फोटो येऊन भागत नाही. खात्याचं युजरनेम, पानाची लिंक, तारीख-वेळ हेही टिपायला लागतं. कोर्टात अशा पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं, पुरावा कोणत्या फोनातून कसा काढला ते सांगणारं प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून मूळ फोन विकायचा नाही, फॉरमॅट मारायचा नाही. एवढं झाल्यावर मगच इन्स्टाग्रामकडं तक्रार. 2021 च्या आयटी नियमांत असा नग्न किंवा चेहरा बदलून बनवलेला मजकूर तक्रारीनंतर 24 तासांत हटवायची मुदत घातली होती. शिवाय संमतीशिवाय पसरवलेले खासगी फोटो रोखायला स्टॉप एनसीआयआय नावाची मोफत ऑनलाइन सोय आहे. तिथं फोटो कुणाकडं पाठवावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि तेवढाच सहभागी कंपन्यांकडं जातो, त्यावरून त्या तो फोटो ओळखून अडवतात. हे ऐकल्यावर अश्विनी पहिल्यांदा नीट वर बघून बोलली, "म्हणजे फोटो आणि कुणी बघणार नाही?"

खरी अडचण भावाची होती. तो तालमीतला. "मॅडम, कायदा-बियदा ऱ्हाऊ दे. रंकाळ्यावर गाठतो आणि फोनच फोडतो त्याचा." त्याला म्हटलं, "बाळा, पुरावा त्याच फोनात आहे. तो तू फोडणार, वर मारहाणीचा गुन्हा स्वतःवर घेणार, आणि उद्या फिर्यादी तो होणार." बराच वेळ गप्प बसला. मग मोबाइलवरचा एक फॉरवर्ड काढून म्हणाला, "मग कलम 66ए लावूया." आक्षेपार्ह ऑनलाइन मेसेजांबद्दलचं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ते कलम सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्येच रद्द केलंय. असले फॉरवर्ड वाचून लोक ठाण्यात जातात आणि तिथं हसं होतं.

लागू पडण्यासारखी कलमं वेगळी आहेत. पाठलाग आणि ऑनलाइन पाळत यासाठी भारतीय न्याय संहितेचं 78, लज्जा दुखावणाऱ्या कृत्यासाठी 79, धमकीसाठी 351. अश्लील मजकूर पसरवला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 67, त्यात पहिल्या गुन्ह्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंड. कोणतं कलम लावायचं ते पोलीस आणि वकील बघतील. आपण घडलेलं सरळ क्रमानं सांगायचं.

पहिल्या ठाण्यात "ओळखीचाच पोरगा हाय, मिटवून घ्या" हे ऐकायला मिळालंच. दुसऱ्या ठिकाणी म्हणे, हे आमच्या हद्दीत येत नाही. हद्दीचं कारण चालत नाही. शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याकडं पाठवायचा असतो, आणि 78, 79 सारख्या गुन्ह्यांत बाईची फिर्याद महिला अधिकाऱ्यानंच लिहून घ्यायची असते. तरीही नकार आला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणं पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज देता येतो, त्यापुढं न्यायदंडाधिकारी आहेतच. आम्ही आधी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाकली होती. महिलांविषयीच्या तक्रारी तिथं नाव न देताही करता येतात, पण पुढं काय झालं ते कळावं म्हणून अश्विनीनं नाव दिलं. (1930 वर फोन करायला सांगणारे खूप भेटतात. तो मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी.) त्या पोर्टलची पोच आणि वही घेऊन तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा एका महिला अधिकाऱ्यानं दोन तास बसून फिर्याद घेतली. वकिलाच्या खर्चाची काळजी ताईंना होती. बाईला उत्पन्न न बघता मोफत विधी सहाय्य मिळतं, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करायचा, हे सांगितल्यावर त्या जरा सैल झाल्या.

एक गोष्ट मी लपवली नाही. पहिल्या खेपेला 78 चा गुन्हा जामीनपात्र आहे. पोरगा सुटून गावात हिंडणार, महाद्वार रोडला समोरही येईल. त्या दिवसाची तयारी आम्ही चार बैठकांत केली. कुणाला फोन करायचा, कुठल्या दुकानात शिरायचं, घाबरून हात कापायला लागले तर श्वास कसा घ्यायचा. आईचं कोडं मात्र वेगळंच. "स्थळं येतील तेव्हा काय सांगू?" त्यावर अश्विनीच म्हणाली, "आई, गुन्हा त्यानं केलाय. मी काय सांगायचं?" ताई काही बोलल्या नाहीत, फक्त पदरानं चष्मा पुसला.

ते खातं गेलं. दोषारोपपत्र दाखल झालंय, तारखा चालू आहेत, आणि भाऊ प्रत्येक तारखेला कोर्टाबाहेर दुचाकीवर बसून असतो, हात खिशात घालून.

नंबर बदल म्हणून सगळं घर तिच्या मागं लागलं होतं. तिनं बदलला नाही. बँकेत, कॉलेजात, गॅसच्या पुस्तकावर सगळीकडं तोच आहे म्हणाली, आणि ज्वारी निवडताना आईला डब्यात आता फक्त खडे सापडतात.