दोन तासांची वाट आणि रखरखतं ऊन

थंडी ओसरायला लागली की ‘जवळच कुठंतरी पायी फिरून येऊ’ असे बेत शिजतात आणि आमच्याकडे पत्रं वाढतात. या वेळी निवडलेले चारही प्रश्न सावली नसलेल्या, कोरड्या वाटांबद्दल आहेत.

आठवीच्या मुलांना फेब्रुवारीत लोणारला न्यायचं आहे. काठावरून सरोवर दाखवून परत फिरायचं नाही, खाली उतरवायचं आहे. झेपेल का? पाणी किती न्यावं?
(एक शिक्षिका, मेहकर तालुका)

झेपेल, मॅडम. फक्त लोणारची खोड लक्षात ठेवा. डोंगरावर आपण ताज्या दमानं चढतो आणि थकल्यावर उतरतो. इथं सगळं उलटं. तळ काठापासून साधारण दीडशे मीटर खाली आहे. मुलं उड्या मारत उतरतात आणि चढ लागतो तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं असतं. शिवाय विवरात वारा पडलेला असतो, त्यामुळे काठापेक्षा आत जास्त उकडतं. म्हणून सकाळी सातला उतरायला लागा आणि साडेनऊपर्यंत सगळे वर आलेले असू द्या. पंक्तीत सगळ्यात हळू चालणारं पोर पुढं ठेवा.

पाणी प्रत्येकाचं प्रत्येकाच्या पाठीवर, निदान एक लिटर. तुमच्याजवळ राखीव कॅन वेगळा. उतरताना तिसरा हिस्साच प्यायचा, बाकीचं चढाला. सरोवराचं पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे, ते तोंडालाही लावू देऊ नका. हे अभयारण्य आहे आणि पाणी वाढलं की तळाची पायवाट बुडते, तेव्हा कोणती वाट सुरू आहे ते वन विभागाकडून आदल्या दिवशीच विचारून घ्या.

आपल्याकडच्या कोरड्या हवेत घाम जागच्या जागी वाळतो, त्यामुळे ‘घामच आला नाही’ असं वाटतं. शर्टाच्या पाठीवर मिठाचे पांढरे ओघळ दिसले की समजा, बराच येऊन गेला. एरवी बडबड्या असलेला पोरगा गप्प झाला, अडखळायला लागला, तर त्याला सावलीत बसवून मानेवर ओला दुपट्टा टाका. असंबद्ध बोलायला लागला तर 108 ला फोन करा. अंगावर पाणी मारत वारा घालत राहा, पण शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

आणि हो, काठावर बेसाल्टचे थर बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात, ते मुलांना दाखवाच. उल्केच्या दणक्यानं ते उचलले गेले आहेत. पुस्तकातल्या चित्रातून हे कळत नाही.

आमचा बुढा म्हणते का खिशात कांदा ठेव, ऊन लागत नाही. खरं हाय का?
(एक वाचक, दर्यापूर)

खिशातल्या कांद्यानं काही होत नाही. तोच कांदा भाकरीसोबत खा. बुढ्याचं डोक्याला दुपट्टा बांधणं मात्र सोळा आणे खरं, ते सोडू नका. ओआरएस न्यायचं असेल तर पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा, अंदाजानं नाही.

मे महिन्यात नरनाळ्याला पायी जायचं ठरवतोय. आम्ही चौघं मित्र.
(अकोट)

मे महिन्यात नको. दगड तापतो, झाडं निष्पर्ण असतात आणि दहानंतर पाय टाकवत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. किल्ला मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आहे, त्यामुळे शहानूरच्या गेटवर परवानगी आणि वेळा पाळाव्याच लागतात. वरपर्यंत गाडीरस्ता आहे. खरी मजा वर पोचल्यावर पायी फिरण्यात आहे. महाकाली दरवाज्याचं कोरीव काम बघायला निवांत वेळ ठेवा. बुरुज-कमानींना आग्या मोहोळ लटकलेलं असू शकतं, तेव्हा अत्तर, सिगारेट, आरडाओरडा बंद. हिवाळ्यात गवत वाळलं की कुसळं मोज्यात घुसतात. जाळीदार स्पोर्ट्स शूज असले तर बघायलाच नको! जाड कापडाची फुल पँट घाला. दगड उचलून बघायची हौस नको, फुरसं अशाच जागी बसतं.

डिसेंबरात जैसलमेरला चाललो आहोत. वाळूच्या टेकड्यांवर थोडं चालायचं आहे, सोबत सासूबाई आहेत, वय पासष्ट.
(वरूड)

न्या की त्यांना! वाऱ्याकडच्या बाजूनं वाळू घट्ट असते, तिकडून तिरकं चढा. आडोशाची बाजू तीव्र उताराची आणि भुसभुशीत, तिथं पाय पोटरीपर्यंत जातो. पोरांनी घसरायला ती चांगली, सासूबाईंना नाही. चप्पल वाळूत रुतते, तेव्हा त्यांना मोजे आणि हलके बंद बूट द्या. समच्या टेकड्यांवर गर्दी असते. निवांत चालायचं तर खुरी गावाकडच्या टेकड्या बऱ्या. तिकडे उजाडायला आपल्यापेक्षा अर्ध्या तासाहून जास्त उशीर होतो, हे धरून पहाटेची गाडी सांगा. पहाटे स्वेटर, दहा वाजता टोपी, दोन्ही लागतं. परतीच्या वेळी सगळ्या टेकड्या सारख्याच दिसतात, म्हणून निघतानाच गाडी आणि एखादं खेजडीचं झाड ओळीत धरून ठेवा, आणि गाडी दिसेनाशी होईल इतकं लांब जाऊ नका.