बुद्धिबळपटू अनिश गिरी एवढा लोकप्रिय का? तो खरंच तेवढा मोठा खेळाडू आहे का?

लोकप्रियता जिभेमुळे, मान खेळामुळे. रशियन आई, नेपाळी वडील, जन्म सेंट पीटर्सबर्गचा, बालपणाची काही वर्षं जपानात आणि खेळतो नेदरलँड्सकडून. ट्विटरवर माजी जगज्जेता मॅग्नस कार्लसनशी त्याची टोलेबाजी चालायची, ती बुद्धिबळ न खेळणारेही चवीने वाचायचे.

२०१६ च्या कँडिडेट्स स्पर्धेत (जगज्जेत्याला आव्हान कोण देणार ते हीच ठरवते), मॉस्कोला, पठ्ठ्याने १४ पैकी १४ डाव बरोबरीत सोडवले. तेव्हापासून 'ड्रॉवाला' हा शिक्का बसला तो बसलाच. मला तो अन्यायच वाटतो. त्या मैदानात १४ डाव न हरणं काय सोपं असतं? आणि २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या विक आन झी इथल्या टाटा स्टील स्पर्धेत सोळा वर्षांच्या याच पोराने काळ्या मोहऱ्यांनी कार्लसनला २२ चालींत गुंडाळलं होतं, ते कुणी आठवत नाही.

१४ व्या वर्षी ग्रँडमास्टर, रेटिंग एकदा २७९८ पर्यंत. २०२३ ला तीच टाटा स्टील जिंकली, २०२५ ला समरकंदची ग्रँड स्विस स्पर्धा. जगज्जेतेपदाची लढत मात्र अजून खेळलेला नाही, तेवढी उणीव आहेच.