सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर ७०च्या वर गेलं की गाडीमागचा कॅम्पर ट्रेलर डुलतो. काय करावं?

सामान पुढे सरकवा. डुलण्याचं कारण बहुतेक वेळा ट्रेलरच्या मागच्या टोकाला लादलेलं वजनच असतं. भरलेल्या ट्रेलरच्या वजनापैकी साधारण १० टक्के भार हिचच्या गोळ्यावर (गाडीच्या मागे ट्रेलर जोडायचा गोळा) यायला हवा, म्हणजे ८०० किलोला ८० किलो. चाकांना दगड लावा, ट्रेलर समतल करा, कपलरखाली (ट्रेलरचा त्या गोळ्यावर बसणारा पुढचा भाग) लाकडी ठोकळा आणि त्याखाली घरातला वजनकाटा ठेवा. आकडा लगेच कळतो. पाण्याचे कॅन, सिलिंडर, कूलबॉक्स चाकांच्या वर किंवा जरा पुढे. मागे फक्त गाद्या-चादरी. टायरची हवा सोलापुरातून निघायच्या आधी, टायर थंड असतानाच भरा. दुपारी चाळिशीच्या उन्हात वाढलेला आकडा बघून हवा काढू नका (पंपवाला काढायला तयारच असतो!), टायर निवला की हवा कमी पडते, बाजू दबते आणि डुलणं वाढतं. डुलायला लागलाच तर जोरात ब्रेक नको, वेग वाढवणंही नको: ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा. मात्र तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये हिचवरच्या भाराची मर्यादा कमी दिली असेल तर तीच पाळा आणि सामान घटवा.