सरळ रेषेच्या मागे लागलेली मुलगी

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी इथेच इंदूरला इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॅम्पसमधून सॉफ्टवेअरची नोकरी मिळेल असं सगळे म्हणताहेत आणि ती मात्र गेट ही एम.टेक.ची प्रवेशपरीक्षा देऊन मॉड्युलेटरवरच, म्हणजे विजेचा सिग्नल प्रकाशावर चढवणाऱ्या उपकरणावरच, काम करायचं म्हणून अडून बसलीय. शैक्षणिक कर्ज डोक्यावर आहे. "ही सारखी लिनिॲरिटी म्हणते, ते असतं तरी काय?" असं तुम्ही विचारलंत. आधी तेच सांगतो.

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांचे सिग्नल मुख्य इमारतीत येतात ते ऑप्टिकल फायबरमधून. फायबरमध्ये किलोमीटरमागे साधारण 0.2 डेसिबल (सिग्नलची ताकद मोजायचं माप) घट होते. साध्या कोअ‍ॅक्सियल केबलमध्ये 10 गिगाहर्ट्‌झचा सिग्नल मीटरभरातच त्याहून जास्त घटतो. इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल प्रकाशावर चढवायचा तर मॉड्युलेटर लागतो.

अडचण इथेच आहे. नेहमीच्या माख-झेंडर मॉड्युलेटरमध्ये प्रकाश दोन वाटांनी, म्हणजे भुजांनी, जाऊन पुन्हा एकत्र येतो; त्याला व्होल्टेज दिलं की प्रकाश साइन वक्राने कमीजास्त होतो. तो वक्र मधल्या थोड्या भागातच सरळ असतो. हा सरळपणा म्हणजेच लिनिॲरिटी; ती नसली की काय होतं? पेटीवर दोन स्वर धरले आणि लाउडस्पीकरमधून कोणी न वाजवलेला तिसराच ऐकू आला, तसं होतं. दोन फ्रिक्वेन्सी दिल्या की अगदी शेजारी दोन नकोशा उमटतात. इतक्या जवळ, की फिल्टर लावूनही काढता येत नाहीत. मूळ सिग्नल 1 डेसिबलने वाढवा, त्या 3 ने वाढतात. यावर एक सुरेख उपाय म्हणजे चिपवर माख-झेंडरच्या भुजांना प्रकाश गोल फिरवणारी सूक्ष्म कडी जोडायची; तिच्या वक्राचा बाक उलट दिशेचा असल्याने दोष एकमेकांना खातात. शिवाय चिपसाठी सिलिकॉनपेक्षा लिथियम नायोबेट हा स्फटिक इथे उजवा, कारण त्यात अपवर्तनांक (प्रकाश किती मंदावतो तो आकडा) विद्युतक्षेत्राच्या प्रमाणात बदलतो. तुमची मुलगी ती रेषा सरळ करायला निघालीय. मला तरी हे खूळ वाटत नाही.

आता पोटापाण्याचं. बी.ई.वर या कामाच्या नोकऱ्या फार थोड्या, हे तिला स्पष्ट सांगा. एम.टेक. हवंच, बहुधा पीएच.डी.सुद्धा. पण गेटवर एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर दरमहा 12,400 रुपये विद्यावेतन मिळतं, पीएच.डी.त जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) असेल तर 37,000. आयआयटी मद्रास, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, कोचीच्या विद्यापीठातली फोटॉनिक्स शाळा, ही ठिकाणं पाहावीत. पुढच्या शिक्षणासाठी हप्ते लांबवता येतात का, हे बँकेत स्वतः जाऊन विचारा; फोनवर नीट उत्तर मिळत नाही.

विषय अरुंद आहे ही तुमची भीती मला पटत नाही. हे काम करताना तिला मायक्रोवेव्ह मोजमाप, चिपचा आराखडा, लेझर, सगळंच हाताळावं लागेल. रडार, सॅटेलाइट, मोबाइल टॉवर, सगळीकडे हेच हात लागतात. कॅम्पसच्या मुलाखतीही तिने द्याव्यात. नोकरी हातात असली की गेटचा अभ्यास निवांत होतो, आणि त्यात अप्रामाणिक काही नाही.

आपल्याच गावात लेझरवर काम करणारं आरआरकॅट हे सरकारी संशोधन केंद्र आहे. उन्हाळ्यात तिथे प्रोजेक्ट मिळतो का, हे कॉलेजमार्फत विचारायला सांगा. तिथे नाही, तर कॉलेजच्या लॅबमध्ये तरी तिने सिग्नल जनरेटर आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर लावून त्या दोन नकोशा फ्रिक्वेन्सींची पडद्यावरची शिखरं स्वतः मोजावीत. एखादा आठवडा कनेक्टर घट्ट करण्यात आणि आकडे लिहिण्यात गेल्यावरही ती रात्री जेवताना त्याच शिखरांबद्दल बोलत असेल, तर फेब्रुवारीतल्या गेटच्या तयारीला तिला मोकळीक द्या. निकाल लागला की मला पुन्हा लिहा, संस्थांचा क्रम आपण तिघं बसून लावू.