कापूस आपला, शिलाई कुणाची?

भारतीय वस्त्रोद्योग आणि त्याची निर्यात याविषयी बरेच प्रश्न आले आहेत. त्यांतल्या पाच प्रश्नांना या वेळी उत्तरं देतो आहे.

प्रश्न : बांगलादेशात कापूस जवळजवळ पिकतच नाही. आपल्याकडे कापूस, सूतगिरण्या, माग सगळं आहे. तरी कपड्यांच्या निर्यातीत ते आपल्या पुढे कसे? (एक वाचक, मुंबई)

आधी आकडे पाहू. 2024-25 मध्ये भारताने साधारण 16 अब्ज डॉलरचे तयार कपडे निर्यात केले. सूत, कापड, चादरी-टॉवेल, हस्तकला असं सगळं धरलं तर ही निर्यात 37 अब्जांच्या आसपास जाते. बांगलादेश नुसत्या तयार कपड्यांतूनच तेवढी कमाई करतो. त्यातलं कितीतरी सूत आणि कापूस आपल्याकडूनच जातो.

याचं मूळ जुन्या निर्णयांत आहे. 1970 च्या दशकाच्या अखेरीस बांगलादेशच्या ‘देश गारमेंट्स’ने दाएवू कंपनीशी करार केला आणि 130 जणांना शिकायला दक्षिण कोरियाला पाठवलं. पुढे त्यातल्या अनेकांनी स्वतःचे कारखाने काढले. त्या काळात आपण तयार कपड्यांचा धंदा लघुउद्योगांसाठी राखून ठेवला होता. हेतू चांगला होता, पण हजार शिलाई मशीनचा कारखाना उभारायची सोयच राहिली नाही. 2000 च्या वस्त्रधोरणानंतर हे आरक्षण सुटू लागलं. 1 जानेवारी 2005 ला जगातली कोटा पद्धत (कोणत्या देशाने किती कपडे पाठवायचे याची मर्यादा) संपली, तेव्हा मोठ्या ऑर्डरी घ्यायला आपल्याकडे पुरेसे मोठे कारखानेच नव्हते. शिवाय अल्पविकसित देश म्हणून बांगलादेशाचे कपडे युरोपात बिनशुल्क जात राहिले आणि आपल्या कपड्यांवर 12 टक्क्यांपर्यंत शुल्क लागत राहिलं.

एक किलो सुतातून चार-पाच टी-शर्ट निघतात. किलोभर सूत विकलं तर एकदाच थोडा नफा सुटतो. तेच सूत विणून, रंगवून, शिवून पाठवलं तर प्रत्येक टप्प्यावर कुणाची तरी मजुरी निघते, आणि शिलाईत ती बहुतेक बायकांच्या हाती पडते. म्हणून आपली सूतनिर्यात वाढल्याची बातमी वाचून मला फारसा आनंद होत नाही.

त्यांचं सगळंच घेण्यासारखं आहे असंही नाही. 24 एप्रिल 2013 ला राणा प्लाझाची इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसं गेली. बहुतेक जण शिलाई कामगार होते. भिंतींना तडे गेलेले आदल्या दिवशीच दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावलं गेलं. आपल्याला मोठे कारखाने हवेत, पण ते या किमतीवर नकोत.

प्रश्न : ऐन हंगामात सरकारने कापसावरचं आयात शुल्क काढलं. गिरण्यांची निर्यात वाढावी म्हणून आमचा भाव पाडायचा का? (कापूस उत्पादक, यवतमाळ जिल्हा)

तुमचा राग रास्त आहे. 11 टक्के शुल्क 19 ऑगस्ट 2025 पासून आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि नंतर 31 डिसेंबरपर्यंत माफ झालं. विदर्भात पहिली वेचणी घरात येते ती याच दिवसांत. बाहेरचा स्वस्त कापूस बंदरात उतरलेला असला की व्यापारी थांबून राहतो. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामासाठी क्विंटलला 8,110 रुपये ठरला होता, पण तो मिळवायला सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर नोंदणी, ओलाव्याची तपासणी आणि रांग यांतून जावं लागतं. शुल्कात सूट द्यायचीच असेल तर ती शेतकऱ्याकडचा माल संपल्यावर, मे ते ऑगस्टमध्ये द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

गिरण्यांची अडचणही खोटी नाही. व्हिएतनाम, बांगलादेशातली गिरणी जगाच्या बाजारातून कापूस बिनशुल्क उचलते. आपल्या गिरणीची खंडी (कापसाचं 356 किलोचं माप) त्याहून महाग पडली की तिचं सूत विकलं जात नाही, आणि मग तुमच्या कापसाचं देशातलं गिऱ्हाईकच कमी होतं.

या ओढाताणीच्या मुळाशी उत्पादकता आहे. भारतात हेक्टरी साधारण साडेचारशे किलो रुई (सरकी काढलेला कापूस) निघते, आणि कोरडवाहू महाराष्ट्रात त्याहून कमी. ब्राझीलमध्ये जवळजवळ चौपट निघते आणि तिथलाही बहुतेक कापूस पावसावरच येतो. 2002 मध्ये बीटी (जनुक बदललेलं) वाण आलं, 2013-14 पर्यंत उत्पादन वाढत गेलं, मग गुलाबी बोंडअळीने वाट अडवली. 2017 चं वर्ष तुम्ही विसरला नसालच. हमीभाव दरवर्षी वाढला तरी एकरी क्विंटल तेवढेच राहिले तर हातात काही उरत नाही. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था सघन लागवडीचे प्रयोग करते आहे. जमीन हलकी असेल तर सगळं रान न गुंतवता एखाद्या एकरावर ते करून बघा.

एक गोष्ट मात्र आजपासून तुमच्या हातात आहे. वेचणीला प्लॅस्टिकचं पोतं वापरू नका, सुती ओटी किंवा सुती पिशवी वापरा. पोत्याचा बारीक धागा कापसात शिरला की जिनिंगमध्ये (सरकी वेगळी करताना) तो तुटून पसरतो, सुतात जातो, आणि त्याला रंग चढत नाही. गडद निळ्या कापडावर तो पांढरा दिसतो आणि परदेशी खरेदीदार अख्खा तागा परत करतो. आपला कापूस जगात थोडा उतरत्या भावाने विकला जातो, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. गावातल्या दहा-वीस जणांनी स्वच्छ माल एकत्र केला आणि जिनिंगवाल्याकडे वेगळा दाब करून गाठी बांधून घेतल्या, तर भाव मागायला जोर येतो.

प्रश्न : खर्चीवाला (मजुरीवर कापड विणून देणारा) आहे, बारा साधे माग. पीकची, म्हणजे आडव्या धाग्यांच्या मोजणीवर मिळणारी, मजुरी परवडत नाही. कर्ज काढून रेपिअर (धोट्याशिवाय चालणारे वेगवान माग) घ्यावेत का? (यंत्रमागधारक, इचलकरंजी)

हातात ऑर्डर नसेल तर घेऊ नका. रेपिअर तीन पाळ्या चालला तरच हप्ता फिटतो. बाहेरून बीम (ताण्याचे धागे गुंडाळलेला रूळ) मिळेल तेव्हा काम, नाहीतर माग बंद, अशा खर्चीच्या धंद्यात त्याची हमी नसते.

निर्यातीचा खरेदीदार आधी पन्हा (कापडाची रुंदी) विचारतो, मग दोष. दर शंभर चौरस यार्डांत दोषांचे किती गुण भरतात हे 4 पॉइंट पद्धतीने मोजतात, आणि 40 च्या वर गेलं तर बहुतेक ठिकाणी माल नापास. ताण्याचा (उभा) धागा तुटला तरी साधा माग वेळेत थांबत नाही, म्हणून तिथेच मार बसतो. तुमच्यासारख्या आठ-दहा जणांनी मिळून सायझिंगपासून (ताण्याला खळ देण्यापासून) तपासणीच्या टेबलापर्यंत सामाईक सोय करून एखाद्या निर्यातदाराशी वर्षाचं काम बांधून घेतलं, तर मग मागांचा विचार जरूर करा.

मला त्याहून मोठी उणीव दिसते ती प्रोसेसिंगची, म्हणजे कापड धुऊन रंगवण्याची. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीचं कोरं कापड रंगायला राजस्थानातल्या पाली, बालोतराला किंवा अहमदाबादला जातं आणि कमाईचा जाड वाटा तिकडेच राहतो. पंचगंगा नदी सांडपाण्याने जशी नासली ते पाहता सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नवी रंगाई कुणी मागूही नये. मद्रास उच्च न्यायालयाने 2011 मध्ये तमिळनाडूतल्या तिरुपूरची रंगाई युनिट्स बंद करायला लावली. तिरुपूरकरांनी पाणी पुन्हा वापरण्याची यंत्रणा उभी केली, कर्ज सोसलं, आणि आज युरोपचे खरेदीदार त्याच कारणासाठी त्यांच्याकडे येतात. अमरावतीजवळ नांदगाव पेठला पीएम मित्र या केंद्राच्या योजनेतलं वस्त्रोद्योग पार्क होतं आहे. तिथे नुसती शेडं नकोत, अशी रंगाई हवी.

प्रश्न : मुलगा तिरुपूरला मर्चंडायझर (खरेदीदाराची ऑर्डर कारखान्यातून पुरी करून घेणारा) आहे. अमेरिकेच्या करानंतर या क्षेत्रात राहावं का? (पालक, पुणे)

राहावं. 27 ऑगस्ट 2025 ला अमेरिकेचा जादा कर 50 टक्क्यांवर गेला, तेव्हा बांगलादेश आणि व्हिएतनामवर 20 टक्के होता. आपल्या वस्त्रनिर्यातीचा चौथ्या हिश्शाहून जास्त माल एकट्या अमेरिकेत जातो, त्यामुळे घाव खोल बसला. असे दर वाटाघाटींनी खालीवर होतात. एकाच गिऱ्हाइकावर विसंबण्याचा धोका मात्र कायम राहतो. ब्रिटनशी 24 जुलै 2025 ला करार झाला, युरोपीय संघाशी वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा जानेवारी 2026 मध्ये झाली. शुल्क गेलं की बांगलादेशाशी बरोबरीने भाव सांगता येईल.

पण तिथे कोणता माल खपतो हे मुलाने शिकून घ्यावं. जगात वापरल्या जाणाऱ्या धाग्यांत दोन-तृतीयांशाहून जास्त मानवनिर्मित आहे. आपण मात्र अजून सुती आणि उन्हाळी कपड्यांत अडकलो आहोत. हिवाळी जॅकेटं, खेळाचे कपडे आपल्याकडे कमीच बनतात. 22 सप्टेंबर 2025 पासून मानवनिर्मित तंतूंवरचा जीएसटी 18 वरून आणि त्यांच्या सुतावरचा 12 वरून 5 टक्क्यांवर आला, ही चांगली सुरुवात आहे.

प्रश्न : आमच्या बचत गटाकडे पंधरा मशीनं आहेत. लहान मुलांचे कपडे थेट परदेशी पाठवता येतील का? (सोलापूर)

येतील, पण ताई, पहिली दोन वर्षं एखाद्या निर्यातदाराच्या हाताखाली काम घ्या. आयात-निर्यात क्रमांक ऑनलाइन, थोड्या शुल्कात मिळतो, तो काढून ठेवा. थेट ऑर्डर आली तर आगाऊ रक्कम घ्या आणि बाकीच्या रकमेचा ईसीजीसीचा (निर्यातीची उधारी बुडाली तर भरपाई देणाऱ्या सरकारी कंपनीचा) विमा उतरवा. गोड बोलणाऱ्या अनोळखी गिऱ्हाइकाला उधारीवर माल पाठवू नका.

रंगीत कापड घेताना बंदी असलेले अझो रंग त्यात नाहीत, असा प्रयोगशाळेचा दाखला मागा. आणि तुटलेल्या सुयांची वही ठेवा : सुई तुटली की तिचे सगळे तुकडे शोधून तारखेसह वहीत चिकटवायचे. एखादा तुकडा सापडला नाही तर त्या मशीनजवळचा सगळा माल बाजूला काढून मेटल डिटेक्टरमधून तपासून घ्यायचा. लहान मुलांच्या कपड्यांचा खरेदीदार आला की आधी ही वही उघडून बघतो.